फुटक्या हौदातले चाचे

“कवटीला कुंकू लाव,” जिजी म्हणाल्या.

मी जमिनीवर बसून ह्यांच्या जुन्या लाल झेंडीवर चुन्यानं कवटी काढत होते. कवटी झाली होती, खालची दोन हाडं राहिली होती. मी मान वर करून सासूबाईंकडे बघितलं. त्या चेष्टा करत नव्हत्या.

“अहो जिजी, चाच्यांचा झेंडा आहे हा. समुद्रावरच्या लुटारूंचा. त्यावर कवटीच असते.”

“असू दे की. पण पोरीचा वाढदिवस आहे. भुंड्या कपाळाची कवटी मी दारात लावू देणार नाही.”

खिडकीत आरसा टेकवून हे दाढी करत होते. तोंडाला फेस तसाच ठेवून हसायला लागले. “लाव गं शकू. जगातली पहिली सवाष्ण कवटी. इंग्रज चाचे बघतील तर जहाज सोडून पळतील.”

“तू गप रे,” जिजी लेकाला म्हणाल्या आणि स्वतःच देव्हाऱ्यातली कुंकवाची कोयरी घेऊन आल्या. वाकून त्यांनी कवटीच्या कपाळावर बोट टेकवलं. कुंकू मधोमध न लागता भुवईच्या जागी, चांगलं दोन बोटं बाजूला लागलं. मी खालची हाडं काढायला घेतली. वय झालं की हात चळतोच.

ही गोष्ट अठ्ठ्याहत्तर सालच्या डिसेंबरातली. मनमाडला रेल्वे कॉलनीत आम्ही राहत होतो. हे गार्ड होते, मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर. मनमाडला तेव्हा नळाला पाणी यायचं ते चार-चार दिवसांनी, तेही तासभर. त्या गावातल्या पोरांना समुद्री चाच्यांची मेजवानी द्यायची म्हणजे वेडेपणाच होता. कॉलनीतल्या एकाही पोरानं समुद्र पाहिलेला नव्हता. खरं सांगायचं तर मीही नव्हता.

पण हेमूला चाचा व्हायचं होतं.

हेमू, हेमांगी, माझी एकुलती एक. त्या दिवशी तिला सहा पूर्ण होत होती. जुलैमध्ये शाळेत डोळे तपासायला माणसं आली, तेव्हा कळलं की तिच्या डाव्या डोळ्याला जवळजवळ दिसतच नाही. नाशिकच्या डॉक्टरांनी सांगितलं, डोळा चांगला आहे, पण आळशी आहे. उजवा सगळं काम करतो म्हणून डावा बसून खातो. उजव्या डोळ्यावर दिवसभर पट्टी बांधा, म्हणजे डाव्याला झक मारत बघावं लागेल.

“किती दिवस?” मी विचारलं होतं.

“महिने म्हणा. आणि आत्ताच. सात वर्षांच्या पुढं गेलं की तो डोळा बघायचं विसरतो. मग चष्मा नाही, ऑपरेशन नाही, काही नाही.”

माझी ड्यूटी सकाळी सातची. हेमूची शाळा आठला. आता पट्टीवर लक्ष ठेवायला कुणीतरी हवं, म्हणून जिजी गावाहून आल्या. सासरे तिकडे न्यायडोंगरीला शेतावर, आणि त्या पन्नास वर्षांत पहिल्यांदा त्यांना सोडून आमच्याकडे. पहिल्याच दिवशी पट्टी बघून म्हणाल्या, “दिसता डोळा झाकायचा आणि न दिसता उघडा ठेवायचा? हे कसलं शास्तर?” मी दोनदा समजावून सांगितलं. त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही. त्यांना पटलं, असं मी समजले.

डॉक्टरांची चिकटपट्टी घामानं सुटू लागली, हेमूच्या गालावर पुरळ उठलं. मग मी काळ्या कापडाची पट्टी शिवून तिला इलॅस्टिक लावलं. सकाळी निघताना मी ती स्वतः उजव्या डोळ्यावर चढवायची आणि तीनच्या सुमाराला घरी आले की पहिल्यांदा तिच्याकडेच बघायची. पट्टी जागच्या जागी असायची. हेमू ओट्यावर जिजींच्या शेजारी बसलेली असायची.

तरी नोव्हेंबरात डॉक्टरांनी तक्ता वाचायला लावला तेव्हा डाव्या डोळ्यानं तिला वरचं सगळ्यात मोठं अक्षरसुद्धा लागलं नाही. चार महिन्यांत तसूभर फरक नव्हता.

“पट्टी नीट बांधता ना?” डॉक्टरांनी विचारलं.

“दिवसभर,” मी जरा तोऱ्यातच म्हणाले. “घरी माझ्या सासूबाई डोळ्यांत तेल घालून बसलेल्या असतात.”

“मग फेब्रुवारीत बघू. फेब्रुवारीतही असंच असलं तर...” त्यांनी कागदावर तारीख लिहून दिली. परतीच्या गाडीत हेमू माझ्या मांडीवर झोपली आणि मी मनमाड येईपर्यंत तिच्या डाव्या पापणीकडे बघत राहिले.

त्यात भर म्हणजे पोरं तिला काणी म्हणायला लागली होती. समोरच्या क्वार्टरमधला सुधाकर अहिरे त्यात पुढं. “काणी काणी, विहिरीत पाणी” असं काहीतरी त्यानं जुळवलं होतं. हेमू खेळायला जायची बंद झाली. शेजारी मार्था डिसूझा राहायच्या. त्यांचे मिस्टर इंजिन ड्रायव्हर, मुलगा ऑल्विन हेमूच्याच वर्गात. त्याच्याकडे एक इंग्रजी चित्रांचं पुस्तक होतं. त्यात डोळ्यावर काळी पट्टी बांधलेला, दाढीवाला चाचा. हेमूनं ते पुस्तक घरी आणलं, चित्रावर बोट ठेवलं आणि विचारलं,

“आई, ह्याचा कुठला डोळा आळशी आहे?”

“ह्याचा? हा जहाजाचा कप्तान आहे. ह्याच्या पट्टीला सगळे घाबरतात.”

ती बराच वेळ चित्र बघत राहिली. मग म्हणाली, “वाढदिवसाला मला हा व्हायचंय.”

तेव्हाच माझ्या मनात आलं, एकटी कशाला? सगळ्यांनाच करू. ह्यांचा एक जुना काळा कोट होता, थंडीतल्या ड्यूटीचा, कसर लागलेला. तो मी उसवला आणि त्याच्या तेरा पट्ट्या केल्या.

जिजींना सगळं ऐकून धक्काच बसला. “म्हणजे वाढदिवसाला पोरीला दरवडेखोर करणार?”

“समुद्रावरचे, जिजी.”

“मग काय ते खारट असतात का?”

पण नंतर चिवडा त्यांनीच केला, रेवड्या त्यांनीच आणवल्या, आणि गुरुवारी सकाळी कवटीला कुंकूही त्यांनीच लावलं.

*

मार्थाताईंनी नाताळचा एक केक आमच्यासाठी राखून ठेवला होता. ह्यांनी खजिन्यासाठी आपली जुनी लाइन बॉक्स दिली. गार्ड लोक गाडीवर जाताना बरोबर नेतात ती काळी लोखंडी पेटी. ही कंडम झालेली, तळाला गंज धरलेली.

“माझं नाव खोडून टाक त्यावरचं,” ड्यूटीला निघताना हे म्हणाले. पेटीवर पांढऱ्या रंगात ‘डी. आर. खैरनार, गार्ड’ असं ठळक होतं. “नाहीतर पोरं म्हणतील, खजिना खैरनारनं लाटला.”

“आणि तुम्ही? वाढदिवसाला नसणारच का?”

“असणार तर. दुपारची पॅसेंजर मीच घेऊन येतोय. क्वार्टरच्या मागून जाताना तुमच्या जहाजाला झेंडी दाखवीन. पोरांना रुळाकडे तोंड करून उभं कर.”

आमच्या क्वार्टरच्या मागं, रुळाच्या कुंपणाला लागून एक मोठा सिमेंटचा हौद होता. कधीतरी तडकला, तेव्हापासून कोरडाच. तेच आमचं जहाज. मधोमध बांबू रोवून त्यावर सवाष्ण कवटी फडकवली. हौदाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत एक लांब फळी टाकली. फळीवरून चालत जाऊन पलीकडच्या कडेवर ठेवलेला नकाशा आणायचा, आणि तो वाचून पेटी शोधायची, असा खेळ मी ठरवला होता. हौद कमरेएवढा खोल, तळाशी मी गाद्या टाकल्या होत्या. नकाशा मी तपकिरी कागदावर काढला होता आणि कडा जुना दिसावा म्हणून जाळल्या होत्या. “चांगला कागद जाळला,” जिजी दिवसभरात तीनदा म्हणाल्या.

दीड वाजता पोरं जमली. आधी औक्षण. हेमू पाटावर बसली, डोक्याला ह्यांचा लाल रुमाल, ओठावर काजळाच्या मिशा, उजव्या डोळ्यावर पट्टी. जिजींनी निरांजन ओवाळलं, अक्षता टाकल्या. त्यातल्या निम्म्या पाटाच्या बाहेर पडल्या.

“आजी, चाचे औक्षण करून घेतात?” ऑल्विननं विचारलं.

“आमच्याकडचे घेतात,” जिजी म्हणाल्या. “पाया पड रे कप्तान.”

मग मी पट्ट्या वाटल्या. बारा पोरं बोलावली होती, पण ऑल्विनची धाकटी बहीण ताप आला म्हणून आली नाही, म्हणून हेमू धरून बाराच चाचे झाले आणि एक पट्टी उरली. ती मी कमरेला खोचली.

“सगळ्यांनी उजव्या डोळ्यावर,” मी सांगितलं. “कप्तानासारखी.”

सुधाकरनं डाव्या डोळ्यावर बांधली.

“सुध्या, उजव्या.”

“हेमीची तर डाव्या डोळ्यावर असते.”

“अरे, ती तुझ्यासमोर उभी असते ना, म्हणून तुला उलटं वाटतं. आरशात कसं दिसतं? तसं.”

त्यानं हात वर करून बघितलं, हेमूकडे बघितलं, गोंधळला, आणि निमूटपणे पट्टी फिरवली. हेमू खाली मान घालून पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होती. मला वाटलं, सगळ्यांसमोर डोळ्याचा विषय निघाला म्हणून लाजली.

पहिली दहा मिनिटं तर नुसता दंगा. एका डोळ्यानं अंतर कळत नाही हे कुणाला माहीत? सुधाकर कपडे वाळत घालायच्या खांबावर आपटला. ऑल्विननं पाण्याचा पेला तोंडाला लावला तो हनुवटीला. एक जण दुसऱ्याच्या पायावर, दुसरा तिसऱ्याच्या. कपाळ चोळत सुधाकर हेमूपाशी आला.

“ए हेमे, तू रोज कशी काय चालतेस गं असली?”

“सवयीनं,” हेमू म्हणाली. गेल्या कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच ती त्याच्याशी बोलली होती. मी उगीचच चिवड्याचं पातेलं हलवलं.

मग फळी. एकेक चाचा फळीवरून जायचा, नकाशावर ठेवलेल्या दगडाला हात लावायचा आणि परत यायचा. नकाशा उचलायचा मान कप्तानाचा, म्हणून हेमू शेवटी. बाकीचे हात पसरून, लटपटत, ओरडत गेले. दोघं गादीवर पडले आणि त्यातच त्यांना जास्त मजा आली. जिजी हौदाच्या कडेला स्टुलावर बसून सगळ्यांना नावं ठेवत होत्या. “अरे लुटारू की म्हातारी? टाक की पाय!”

हेमू फळीवर चढली आणि जिजी गप्प झाल्या.

ती दोन पावलं गेली आणि थांबली. पुढं पाय टाकून तिनं फळी चाचपली, जशी अंधारात आपण पायरी चाचपतो. आणखी एक पाऊल. पाय फळीच्या कडेवर पडला, ती डगमगली, उकिडवी बसली आणि दोन्ही हातांनी फळी धरली.

“हेमू, उठ बाळा. समोर बघ,” मी म्हणाले.

“दिसत नाही,” ती हळूच म्हणाली.

“दिसेल. डावा डोळा मोठा कर.”

“येऊ दे तिला खाली,” जिजी म्हणाल्या. त्या स्टुलावरून उठल्या होत्या.

“नाही जिजी. जमेल तिला.”

तेवढ्यात आऊटर सिग्नलपाशी पॅसेंजरची शिट्टी झाली. पोरं “गाडी! गाडी!” करत रुळाकडे तोंड करून उभी राहिली. सगळ्यांनी हात वर केले. मी मात्र हेमूकडे बघत होते, ती पडेल म्हणून.

शिट्टी ऐकू आली आणि हेमूचा हात वर गेला. अगदी सहज, माशी हाकलावी तसा. अंगठा इलॅस्टिकखाली घालून तिनं पट्टी उचलली आणि उजव्या डोळ्यावरची डाव्या डोळ्यावर नेऊन बसवली. त्याच हातानं कानामागचे केसही सारखे केले. मग ती उठून उभी राहिली, फळीवरून चार ढांगांत पलीकडे गेली आणि नकाशा उचलला.

आणि वळली, तेव्हा माझ्याकडे बघून दगडासारखी झाली.

मागून गाडी धडधडत गेली. शेवटच्या डब्यातून हे बाहेर वाकून हिरवी झेंडी हलवत होते. पोरं किंचाळत होती. मी, हेमू आणि जिजी, आम्ही तिघींनी तिकडे बघितलं नाही.

कॉलनीत घड्याळ कुणी बघत नसे, दिवस गाड्यांवर चालायचा. ही पॅसेंजर रोज मी घरी पोचण्याच्या थोडी आधी जायची. आणि मला एकदम आठवलं, नोव्हेंबरात एकदा मालगाडी घसरली म्हणून ही पॅसेंजर तासभर उशिरा आली होती. त्या दिवशी मी घरी पोचले तेव्हा हेमू मला बघून पट्टी हातात धरून, डोळे चोळत आत पळाली होती. खाज सुटली, म्हणाली होती.

हात रोजच्या वेळेला रोजच्यासारखा वर गेला होता. फक्त आज आई रजा काढून घरी होती, पट्टी सकाळपासून बरोबर जागी होती. म्हणून बदलली ती चुकीच्या बाजूला.

*

“मार्थाताई, पोरांना जरा केक द्या,” मी म्हणाले आणि स्वयंपाकघरात गेले. जिजी मागून आल्या. दार त्यांनीच लोटलं.

“किती दिवस?” मी विचारलं.

“पहिल्या आठवड्यापासून.”

“रोज?”

“तू वळणापलीकडे गेलीस की बदलायची. गाडीची शिट्टी झाली की परत. पोरीला मीच शिकवलं. तिला काही बोलू नकोस.”

मी ओट्याला धरून उभी राहिले. मोठ्यानं ओरडावंसं वाटत होतं, पण बाहेर बारा पोरं होती. “पाच महिने गेले, जिजी. पाच महिने! मी नाशिकला त्या डॉक्टरांना काय सांगितलं माहीत आहे? माझ्या सासूबाई डोळ्यांत तेल घालून बसतात. एक वर्ष राहिलंय फक्त. एका वर्षानं हा डोळा गेला तर तिला काय सांगू? आजीची माया आडवी आली?”

“सांग की. खरंच आहे.”

“का केलंत असं?”

जिजी तांदळाच्या डब्यावर बसल्या. पदरानं तोंड पुसलं. बाहेर सुधाकर “कप्तान, नकाशा वाच!” म्हणून ओरडत होता.

“शकू, दाराला धडकून पोरीच्या कपाळाला टेंगूळ आलं होतं त्या दिवशी. मणी ओवायला बसली तर एक ओवता आला नाही. मग म्हणते, जिजी, सगळं धूर-धूर आहे, मला भीती वाटते. तुम्हाला वाटतं, बघायचं म्हटलं की दिसतं. त्या डोळ्याला काय दिसतं ते तुम्हाला नाही माहीत.”

“आणि तुम्हाला माहीत आहे?”

“आहे.”

त्यांनी आपला तळहात उजव्या डोळ्यावर ठेवला आणि माझ्याकडे तोंड केलं. “आता तू मला नुसती पांढरी दिसतेस. नाक नाही, डोळे नाहीत. हात केलास तर हललेलं कळेल. लहानपणापासून असंच आहे.”

एकेक आठवत गेलं. कवटीचं बाजूला लागलेलं कुंकू, पाटाबाहेर पडलेल्या अक्षता, तांदूळ निवडताना एका बाजूला कललेली त्यांची मान. सगळं मी वयावर ढकललं होतं.

“कुणालाच कसं माहीत नाही?”

“बघायला आले तेव्हा आई म्हणाली, मान खाली ठेव. मान खाली ठेवणारी पोर सगळ्यांना आवडते. मग तीच सवय पडली. तुझ्या सासऱ्यांनाही पन्नास वर्षांत कळलं नाही.” त्या किंचित हसल्या. “त्यांना वाटतं, मी चहा सांडते तो रागानं.”

मी त्यांच्यासमोर खाली बसले.

“एका डोळ्यावर संसार केला मी,” त्या म्हणाल्या. “चूल, शेत, चार बाळंतपणं. काही अडलं नाही. पण दिसता डोळा झाकणं काय असतं ते मी भोगलंय गं. एकदा ह्याच डोळ्यात केर गेला, तेव्हा दोन दिवस झाकावा लागला होता. मेल्यासारखी बसून होते. पोरीला त्यात रोज बसवायचं? माझा हात चालला नाही.”

“पण जिजी, तुमच्या वेळेला उपाय नव्हता. हिला आहे.”

“तेच तर.” जिजी म्हणाल्या. “तेच मला रात्रंदिवस खात होतं. तुला सांगावंसं वाटायचं. पण मग ह्या डोळ्याचंही सांगावं लागलं असतं.”

दार करकरलं. हेमू उभी होती. काजळाच्या मिशा गालभर पसरलेल्या, पट्टी डोक्यावर सरकवलेली. किती वेळ उभी होती कोण जाणे.

“जिजी, तुझा पण डोळा आळशी आहे?”

“आहे गं बाई. महाआळशी. साठ वर्षांचा ऐदी.”

हेमू माझ्याकडे बघायला घाबरत होती. ती सरळ जिजींसमोर गेली. “मग तू पण चाचा.” माझ्या कमरेला खोचलेली तेरावी पट्टी तिनं ओढून घेतली आणि जिजींच्या डोक्यावरून घालायला लागली. अंबाड्यात इलॅस्टिक अडकलं. जिजी हसत होत्या, “अगं, अगं, सोड,” म्हणत होत्या. मग पट्टी उजव्या डोळ्यावर बसली आणि त्यांचं हसू थांबलं. त्यांचे दोन्ही हात पुढं आले, काहीतरी धरायला.

मी उठले होते. हेमूनं त्या हातांतला एक हात धरला.

“घाबरू नको,” ती म्हणाली. “आधी नुसता धूर दिसतो.”

मग तिनं आपली पट्टी खाली ओढली. उजव्या डोळ्यावर. माझ्याकडे न बघता.

दोघी मागच्या दारातून बाहेर पडल्या. उंबऱ्याशी हेमू थांबली, पायानं चाचपलं आणि म्हणाली, “जिजी, पायरी.” नऊवारीतली, डोळ्याला काळी पट्टी बांधलेली आजी बघून पोरांनी जो कल्ला केला, तो स्टेशनपर्यंत गेला असेल. सुधाकरनं तर सलामच ठोकला. नकाशा दोघींनाही वाचता येईना. हेमू तो नाकाशी धरून बघत होती. “फुली... आहे की नाही? जिजी, तुला दिसते?”

“मला कागदच दिसत नाही.”

“मी वाचू?” सुधाकरनं विचारलं.

“नाही,” हेमू म्हणाली. “थांब.”

तिनं खूप वेळ घेतला. पोरं कंटाळून खाली बसली. शेवटी तिनं बोट ठेवलं आणि म्हणाली, “ही काळी जाड रेघ रूळ आहे. फुली रुळाच्या ह्या बाजूला आहे. झाडाखाली.” कडुनिंबाखाली पालापाचोळ्यात लपवलेली पेटी दोघींनी हातांनी चाचपून काढली. ह्यांचं नाव खोडायचं मी विसरलेच होते. ऑल्विननं मोठ्यानं वाचलं, आणि खजिना खैरनार गार्डानंच लाटला होता, यावर सगळ्यांचं एकमत झालं.

*

त्या दिवसापासून रोज मी ड्यूटीला निघाले की दोघी पट्ट्या बांधायच्या. शाळेची वाट हेमू ऑल्विनचा हात धरून चालायची. सुधाकर पुढं चालून “खड्डा!”, “गाय!” अशा आरोळ्या द्यायचा. शाळेतून आल्यावर आजी आणि नात ओट्यावर बसून डाळ निवडायच्या. त्या काळात आम्ही बरेच खडे खाल्ले. ह्यांनी कधी तक्रार केली नाही. सासऱ्यांना डोळ्याबद्दल ह्यांनीच सांगितलं. ते गावाहून आले, जिजींना पट्टीत बघितलं आणि एवढंच म्हणाले, “म्हणजे चहा रागानं नव्हतीस सांडत?” त्या दिवसापासून कपबशी ते त्यांच्या हातात नेऊन द्यायला लागले.

नाशिकला जाण्याआधी मी डॉक्टरांना पत्र लिहून सगळं खरं कळवलं होतं. फेब्रुवारीत हेमूनं तक्त्याच्या वरच्या दोन ओळी वाचल्या. जूनमध्ये चार. ऑगस्टमध्ये डॉक्टरांनी पट्टी दिवसातून दोन तासांवर आणली, आणि दिवाळीच्या सुमाराला बंद केली. शेवटची बारीक ओळ तिला त्या डोळ्यानं कधीच आली नाही, आजही येत नाही. पण आता ती पन्नाशीची आहे, गाडी चालवते, सुईत दोरा ओवते. गेल्या महिन्यात माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा डोळ्यावरचं झाकण तिनंच चिकटवलं आणि कानाशी म्हणाली, “घाबरू नको. आधी नुसता धूर दिसतो.”

एक गोष्ट मात्र मी त्या वेळी तिला सांगितली नव्हती. फेब्रुवारीत तिची तपासणी झाल्यावर मी तिला बाहेर बसवून डॉक्टरांना विचारलं होतं, माझ्या सासूबाईही बांधतात, त्यांना कितपत उपयोग होईल? डॉक्टर म्हणाले, साठीला? काहीच नाही. उगाच पडतील कुठंतरी.

घरी आल्यावर हेमू सुधाकरला दोन ओळींची बातमी द्यायला पळाली. जिजी पट्टी बांधून डाळ निवडत होत्या. मी त्यांच्याजवळ बसले आणि डॉक्टर काय म्हणाले ते सांगितलं. “आता काढून टाका ही, जिजी. तुम्हाला काही फायदा नाही.”

त्यांनी ताटातली डाळ बोटांनी पसरली. खडा समजून एक दाणा उचलला, चाचपला, परत टाकला.

“मला ठाऊक होतं गं,” त्या म्हणाल्या. “पण पोर एकटी कशी बसेल त्या धुरात?”